वाचक विचारतात : पहिलं नाटक लागलं, पुढे काय?

गेल्या अंकात ब्रिटनमधल्या नव्या नाटककारांची सुरुवातीची वर्षं कशी जातात यावर लिहिलं होतं, म्हणजे पहिलं नाटक लागायच्या आधीची धडपड आणि लागल्यानंतरची काही वर्षं. रॉयल कोर्ट, बुश, फिनबरो अशा नवी नाटकं करणाऱ्या लंडनमधल्या थिएटर्सची नावं त्यात आली होती आणि त्यावर खूप प्रश्न आले. सगळे इथे घेता येत नाहीयेत, एकसारखे होते ते एकत्र केलेत. नावं कोणाचीच छापत नाहीये कारण निम्म्या लोकांनी तशी विनंती केली होती.

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही लीड्सला राहतो. मुलगी २४ वर्षांची, युनिव्हर्सिटीत ड्रामा शिकली, आता कपड्यांच्या दुकानात काम करते आणि रात्री नाटक लिहिते. एका छोट्या थिएटरने तिच्या नाटकाचं वाचन ठेवलं होतं, लोकांना आवडलं, पण त्यानंतर सहा महिने काहीच नाही. तिचे बाबा म्हणतात आता पुरे, नीट नोकरी बघ. खरं सांगा, यात पोट भरतं का?

उत्तर : नमस्कार. तुम्ही खरं सांगा म्हणालात म्हणून सरळच सांगते, पहिली काही वर्षं नुसत्या नाटकावर पोट भरत नाही, आणि हे तुमच्या मुलीच्या लिखाणावरून बोलत नाहीये, तिथल्या जवळजवळ प्रत्येक नव्या नाटककाराचं असंच आहे. पैसे कसे येतात ते बघा. थिएटरने एखाद्याला नाटक लिहायला सांगितलं की त्याला कमिशन म्हणतात, आणि ते पैसे साधारणपणे हप्त्यांनी मिळतात, करार झाला की एक, ड्राफ्ट हातात दिला की दुसरा, आणि थिएटरने ड्राफ्ट स्वीकारला की तिसरा. आता पूर्ण लांबीचं नाटक लिहायला वर्ष सहज जातं, त्यामुळे दोन हप्त्यांच्या मधे काय खायचं हा प्रश्न उरतोच. नाटक लागलं की तिकीटविक्रीतून रॉयल्टी येते, पण साठ-सत्तर खुर्च्यांच्या हॉलमधे तीन-चार आठवडे हाऊसफुल्ल गेलं तरी त्यातून घराचं भाडं निघणं अवघड. आणि कमिशन केलेलं प्रत्येक नाटक लागतंच असंही नाही, थिएटर पैसे देतं, ड्राफ्ट घेतं आणि मग स्लॉट नाही म्हणून ते तसंच राहतं, असं बऱ्याच जणांचं होतं.

म्हणून तिथले लेखक नोकरी करतात. कॅथरीन सोपरचं उदाहरण तुमच्या घरी नक्की सांगा. तिच्या ‘विश लिस्ट’ या नाटकाला २०१५ मधे ब्रंटवुड प्राइझ हे नव्या नाटकांच्या स्पर्धेचं बक्षीस मिळालं तेव्हा ती लंडनमधे परफ्यूमच्या दुकानात काम करत होती. नाटक कशावर आहे, तर एक बहीण वेअरहाऊसमधे पॅकिंगचं काम करते, तासांची काही हमी नाही, घरी आजारी भाऊ आहे आणि सरकारी यंत्रणेने त्याला कामासाठी फिट ठरवून त्याचा भत्ता बंद केलाय. २०१६ मधे ते मँचेस्टरच्या रॉयल एक्स्चेंजला लागलं आणि पुढच्या जानेवारीत लंडनच्या रॉयल कोर्टला. सायमन स्टीफन्स, ज्याने नंतर नॅशनल थिएटरसाठी केलेलं एक रूपांतर लंडनच्या वेस्ट एंड आणि न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीपर्यंत गेलं, तो आधी डॅगनमच्या शाळेत शिक्षक होता. हॅरॉल्ड पिंटर डेव्हिड बॅरन या नावाने गावोगावच्या रेपर्टरी कंपन्यांमधे नट म्हणून काम करायचा आणि त्यातच लिहायचा. तेव्हा बाबांना सांगा की नोकरी आणि नाटक यातलं एक निवडायची वेळ अजून आलेली नाही, आणि कदाचित येणारही नाही.

पुढे जाऊन पैसे बहुतेकांना टीव्हीतून मिळतात. जॅक थॉर्नचं ‘व्हेन यू क्युअर मी’ २००५ मधे बुश थिएटरला लागलं, आज तो ब्रिटिश टीव्हीवरच्या सगळ्यात मागणी असलेल्या लेखकांपैकी आहे, आणि तरी नाटक सोडलेलं नाही. लुसी प्रेबल, जेम्स ग्रॅहम यांचंही तसंच. काही लोक याला नाटकाशी गद्दारी म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही. टीव्हीच्या पैशावर पुढचं नाटक लिहायला निवांत वर्ष मिळत असेल तर त्यात चूक काय आहे.

आणि त्या सहा महिन्यांच्या शांततेबद्दल. वाचन म्हणजे प्रयोगाचं वचन नसतं, हे मुलीला माहीत असेलच. पण ज्या लिटररी मॅनेजरने, म्हणजे थिएटरसाठी नवी स्क्रिप्ट्स वाचून निवडणाऱ्या माणसाने, वाचन ठेवलं त्या व्यक्तीने तिचं लिखाण मन लावून वाचलंय, ही तिची आत्ताची सगळ्यात मोठी कमाई आहे. त्यांना नवा ड्राफ्ट किंवा पुढचं नाटक पाठवायचं, दोन ओळींच्या पत्रासकट, आणि त्याच नाटकाचं काय झालं म्हणून विचारत राहायचं नाही. त्या खुर्चीवरची माणसं एका नाटकापेक्षा लेखकावर जास्त लक्ष ठेवून असतात.

प्रश्न : मी मँचेस्टरला आयटीत आहे, वय ३१, नाटकाचं कुठलंही शिक्षण नाही, एजंट नाही. इंग्रजीत एक दोन अंकी नाटक लिहून तयार आहे. पाठवू कुठे? आणि माझं नाव बघून बाजूला टाकतील का?

उत्तर : तुमच्या शहरातच सगळ्यात चांगलं दार आहे. रॉयल एक्स्चेंज थिएटर, जुन्या कापूस बाजाराच्या इमारतीतलं, तिथे २००५ पासून ब्रंटवुड प्राइझ चालू आहे, साधारण दर दोन वर्षांनी. याची मुख्य गोष्ट म्हणजे नाटक नावाशिवाय वाचलं जातं, वाचणाऱ्याला लेखक कोण, वय काय, कुठला, काही कळत नाही. बरीच वर्षं पहिलं बक्षीस १६,००० पाउंड होतं, पण मला विचाराल तर पैशापेक्षा महत्त्वाचं हे की जिंकलेल्या नाटकांवर थिएटर लेखकाबरोबर बसून काम करतं. आणि फक्त पहिल्या नंबरकडे बघू नका, शॉर्टलिस्टमधल्या लोकांना पण एजंट्सचे फोन येतात.

पापाटँगो नावाची दुसरी स्पर्धा, तिचं नाव मुद्दाम घेते कारण त्यांनी पाठवणाऱ्या प्रत्येकाला अभिप्राय द्यायची पद्धत ठेवली, आणि जिंकलेल्या नाटकाचं नुसतं वाचन नाही तर पूर्ण प्रयोग होतो. डॉन किंगचं ‘फॉक्सफाइंडर’ २०११ मधे असंच पुढे आलं आणि फिनबरोला लागलं. सोहो थिएटरचं व्हेरिटी बारगेट अवॉर्ड आहे. लंडनमधे बॅटर्सीला पबच्या वर थिएटर ५०३ आहे, एडिंबरात ट्रॅव्हर्स आहे जे १९६३ पासून नव्या नाटकांसाठीच ओळखलं जातं, न्यूकॅसलला लाइव्ह थिएटर. स्क्रिप्ट कधी घेतात, किती पानं घेतात हे प्रत्येकाचं वेगळं आणि बदलत राहतं, त्यामुळे आधी त्यांचे चालू नियम वाचा आणि मगच पाठवा.

एक काम मात्र पाठवण्याआधी करा. ज्या थिएटरला पाठवताय तिथे गेल्या वर्ष-दीड वर्षात काय लागलं ते बघा, शक्य असेल तर जाऊन बघा, मँचेस्टर-लंडन ट्रेन महाग आहे हे मान्य पण मँचेस्टरमधेच बघण्यासारखं खूप आहे. बारा पात्रांचं, तीन सेट्सचं नाटक पन्नास खुर्च्यांच्या हॉलला पाठवलं तर ते कितीही चांगलं असलं तरी तिथे होऊ शकत नाही. याचा अर्थ नाटक छोटं करा असा नाही, योग्य जागा शोधा असा आहे.

शिक्षण नसल्याची काळजी सोडा. तरी हवंच असेल तर बर्मिंगहॅम युनिव्हर्सिटीत नाट्यलेखनाचा एमए कोर्स नाटककार डेव्हिड एडगरने १९८९ मधे सुरू केला होता आणि सारा केन त्यातूनच आली, पण तिथली कितीतरी मोठी नावं असल्या कोर्सच्या जवळपासही गेली नाहीत.

प्रश्न : ताई, मी १९ वर्षांची, पहिल्या वर्षाला. इंग्लंडमधे नाटककार व्हायचं तर ऑक्सफर्ड-केंब्रिजचंच असावं लागतं असं मला सगळे सांगतात. खरंय का?

उत्तर : नाही गं. म्हणजे तिथून आलेले पुष्कळ आहेत आणि ओळखीपाळखीचा फायदा होतो हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तू १९ ची आहेस ना, मग शीला डिलेनीचं ऐक. सॅल्फर्डची मुलगी, कामगार वस्तीतली. मँचेस्टरला एक नाटक बघितलं आणि तिला वाटलं की यापेक्षा बरं मी लिहू शकते. लिहिलं आणि दिग्दर्शिका जोन लिटलवुडला पाठवलं, जिची कंपनी पूर्व लंडनच्या स्ट्रॅटफर्डमधे थिएटर रॉयलला होती. मे १९५८ मधे ‘अ टेस्ट ऑफ हनी’ तिथे लागलं, तेव्हा शीला १९ चीच होती.

अँड्रिया डनबार तर त्याहून लहान. ब्रॅडफर्डच्या बटरशॉ नावाच्या कौन्सिल इस्टेटमधे, म्हणजे सरकारी भाड्याच्या घरांच्या वस्तीत राहायची, १५ व्या वर्षी शाळेच्या इंग्रजीच्या कामासाठी तिने ‘द आर्बर’चा पहिला भाग लिहिला, आर्बर म्हणजे ती राहायची तो रस्ता. शाळेतल्या शिक्षकांनी तिला प्रोत्साहन दिलं आणि १९८० मधे ते नाटक रॉयल कोर्टला लागलं. तिने आपल्या रस्त्यावरची भाषा जशीच्या तशी ठेवली, एक वाक्य सुद्धा लंडनसाठी गुळगुळीत केलं नाही, आणि म्हणूनच ते आजही जिवंत वाटतं.

अलीकडचं हवं तर टायरेल विल्यम्सचं ‘रेड पिच’ वाच, दक्षिण लंडनमधली तीन मुलं, फुटबॉल, आणि आजूबाजूला पाडली जाणारी वस्ती. २०२२ मधे बुशला लागलं आणि २०२४ मधे वेस्ट एंडला गेलं. किंवा जॅस्मिन ली-जोन्स, २०१९ मधे तिचं पहिलं नाटक रॉयल कोर्टच्या वरच्या छोट्या हॉलला लागलं, ट्विटरवरची भाषा, मीम्स सगळं स्टेजवर, आणि त्या वर्षीचं इव्हनिंग स्टँडर्डचं ‘मोस्ट प्रॉमिसिंग प्लेराइट’ तिलाच मिळालं. विशीच्या सुरुवातीला होती ती. तू कुठल्या कॉलेजात आहेस यापेक्षा तुझ्या रस्त्यावरची माणसं कशी बोलतात ते तुला किती नीट ऐकू येतं, यावर मी जास्त भरवसा ठेवेन.

प्रश्न : पहिल्याच नाटकाला समीक्षकांनी झोडपलं तर करिअर संपतं का? तिकडचे पेपर फार क्रूर असतात असं वाचलंय.

उत्तर : क्रूर असतात, आणि कधीकधी साफ चुकतात. पिंटरचं ‘द बर्थडे पार्टी’ १९५८ च्या मे महिन्यात लंडनला लिरिक हॅमरस्मिथला लागलं. त्याआधी केंब्रिज, ऑक्सफर्डला बरं चाललं होतं, म्हणजे कोणी घाबरलेलं नव्हतं. लंडनच्या दैनिकांनी मात्र फाडून टाकलं आणि आठ प्रयोगांत, आठवड्याभरात नाटक बंद. शनिवारी शेवटचा प्रयोग झाला आणि रविवारी संडे टाइम्समधे हॅरॉल्ड हॉब्सनने लिहिलं की हा माणूस लंडनच्या रंगभूमीवरचा सगळ्यात अस्सल आणि अस्वस्थ करणारा लेखक आहे. तोवर सेट उतरला होता. पण दोन वर्षांत ‘द केअरटेकर’ आलं आणि ते धो धो चाललं, आणि २००५ मधे त्याच पिंटरला नोबेल मिळालं.

ही गोष्ट सगळे सांगतात आणि त्यात ‘धीर धरा, यश येईल’ असं वाटायला लागतं. मला त्यातली मधली दोन वर्षं महत्त्वाची वाटतात. आधीच्या वर्षीच ब्रिस्टल युनिव्हर्सिटीतल्या मित्राच्या आग्रहाने त्याने ‘द रूम’ लिहून दिलं होतं, आणि आता बीबीसी रेडिओने त्याच्याकडून नाटकं घेतली. म्हणजे एक दार धाडकन बंद झालं तेव्हा दुसऱ्या दोन-तीन खोल्यांमधे माणसं होती ज्यांना तो हवा होता. हे नसतं तर नुसत्या धीराने काय झालं असतं, मला शंका आहे.

सारा केनचं जास्त दुखतं. जानेवारी १९९५, ‘ब्लास्टेड’, रॉयल कोर्टच्या वरच्या हॉलमधे, लेखिका २३ वर्षांची. लीड्समधल्या महागड्या हॉटेलची खोली, आणि मधेच तिथे युद्ध घुसतं, बोस्नियातलं युद्ध तेव्हा चालू होतं आणि रोज बातम्यांत होतं. डेली मेलने ‘घाणीची किळसवाणी मेजवानी’ असं लिहिलं, बाकीचेही त्याच सुरात. एवढ्या छोट्या हॉलमधल्या नाटकावरून देशभर आरडाओरडा. पण तेव्हाच पिंटर, कॅरिल चर्चिल, एडवर्ड बाँड असे ज्येष्ठ नाटककार जाहीरपणे तिच्या बाजूने उभे राहिले, आणि हे मी तिथल्या रंगभूमीच्या सगळ्यात चांगल्या गोष्टींपैकी एक मानते, की ज्यांनी स्वतः मार खाल्लाय ते नव्या माणसासाठी बोलतात. बाँडच्या ‘सेव्ह्ड’ला १९६५ मधे सेन्सॉरने आणि समीक्षकांनी असंच छळलं होतं.

पुढे केनचं नवं नाटक ‘क्रेव्ह’ पहिल्यांदा वाचून दाखवलं गेलं तेव्हा तिने खोटं नाव घेतलं होतं, मारी केल्वेडन, कारण ‘ब्लास्टेडवाली बाई’ असं मनात धरून लोकांनी ऐकू नये. १९९९ मधे ती २८ व्या वर्षी गेली. २००१ मधे रॉयल कोर्टने ‘ब्लास्टेड’ परत केलं तेव्हा गार्डियनच्या मायकेल बिलिंग्टनने, ज्याने आधी टिंगल केली होती, आपलं मत बदलल्याचं लिहिलं. चांगलं केलं त्याने, पण ते वाचायला ती नव्हती.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर, नाही, संपत नाही, पण पहिल्या प्रेस नाइटनंतर, म्हणजे समीक्षकांना बोलावलेल्या प्रयोगानंतर, लेखकाला एकटं सोडू नये, ही जबाबदारी थिएटरची आहे असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न : पहिल्या नाटकाला बक्षीस, पेपरात फोटो, आणि मग दोन-तीन वर्षांत नावच ऐकू येत नाही, असं का होतं?

उत्तर : मला या विषयात सगळ्यात जास्त सतावणारा प्रश्न तुम्ही विचारलात. पहिल्या नाटकासाठी योजना खूप आहेत. पहिलं नाटक, नवा आवाज, पंचविशीच्या आतला लेखक, यासाठी बक्षिसं आहेत, फंड आहेत, पत्रकारांनाही ती बातमी आवडते. दुसऱ्या नाटकासाठी यातलं फारसं काही नाही. आणि पहिलं नाटक बहुतेकदा आयुष्यभर साठवलेलं असतं, दुसरं मात्र डेडलाइन देऊन मागतात, शिवाय लोकांना पहिल्यासारखंच पण नवीन हवं असतं. शीला डिलेनीचं दुसरं नाटक ‘द लायन इन लव्ह’ १९६० मधे आलं आणि त्याच टीकाकारांनी, ज्यांनी तिला डोक्यावर घेतलं होतं, हात झटकले. नंतर तिने सिनेमा-रेडिओसाठी लिहिलं, नाटकाकडे मात्र ती तशी परत आली नाही, आणि मला याचं फार वाईट वाटतं कारण विशीच्या आतबाहेरच्या मुलीला दुसऱ्याच परीक्षेत नापास ठरवायची घाई कशासाठी.

अँड्रिया डनबारची तीनच नाटकं झाली, १९८०, १९८२ आणि १९८६. १९९० मधे ती गेली तेव्हा फक्त २९ वर्षांची होती. लंडनला नाव गाजत होतं आणि ती ब्रॅडफर्डला त्याच इस्टेटमधे, लहान मुलं, पैशांची ओढाताण. नाटक लागलं म्हणून घरची परिस्थिती बदलत नाही, हे तिच्याकडे बघून कळतं.

उलट बाजूने लुसी प्रेबल बघा. ‘द शुगर सिंड्रोम’ २००३ मधे रॉयल कोर्टला, आणि पुढचं मोठं नाटक ‘एनरॉन’ थेट २००९ मधे. सहा वर्षं. मधे ती टीव्हीवर काम करत होती. ‘एनरॉन’ चिचेस्टरहून रॉयल कोर्टला, तिथून वेस्ट एंडला गेलं, खूप गाजलं, आणि ब्रॉडवेवर २०१० मधे काही आठवड्यांतच बंद पडलं. तरीही २०१२ मधे ‘द इफेक्ट’ आलंच. तिला वेळ घेता आला, घाईघाईत तसलंच दुसरं नाटक द्यावं लागलं नाही.

आणि जेम्स ग्रॅहम, माझ्या मते नव्या लेखकांनी यश बघायचं असेल तर याचं बघावं. नॉटिंगहॅमशायरच्या खाणकामगारांच्या भागातला मुलगा, हल युनिव्हर्सिटीत शिकला. लंडनमधे अर्ल्स कोर्टला पबच्या वर फिनबरो थिएटर आहे, पन्नासेक खुर्च्या, तिथे २००५ मधे ‘अल्बर्ट्स बॉय’ लागलं आणि मग त्याच थिएटरने त्याला पुन्हा बोलावलं, आणि पुन्हा. राजकारणावर, इतिहासावर लिहायची त्याची जी पद्धत आज सगळ्यांना माहितीये ती तिथे, मोठ्या पेपरांचं लक्ष नसताना घडली. २०१२ मधे नॅशनल थिएटरला ‘धिस हाऊस’ आलं, १९७० च्या दशकातल्या संसदेतल्या व्हिप लोकांवर, म्हणजे मतदानाला आपल्या पक्षाचे खासदार जमवणाऱ्यांवर, आधी छोट्या हॉलला आणि पुढच्या वर्षी मोठ्या ऑलिव्हिएर हॉलला. लोक म्हणाले नवा नाटककार आला. सात वर्षं तो तिथेच होता.

म्हणून थिएटरवाल्यांना माझं एकच मागणं असेल, नवे दहा लेखक शोधण्यापेक्षा गेल्या वर्षीच्या तिघांना परत बोलवा. जॉन ऑस्बर्न १९५६ मधे ‘लुक बॅक इन अँगर’मुळे एका रात्रीत मोठा झाला अशी दंतकथा आहे, आणि त्या नाटकाला आधी बऱ्याच एजंट्सनी नकार दिला होता, रॉयल कोर्टचा प्रमुख जॉर्ज डिव्हाइन स्वतः नदीवर होडीत राहणाऱ्या या पोराला भेटायला गेला, हे सगळं खरंच आहे. पण पुढच्याच वर्षी त्याच रॉयल कोर्टने त्याचं ‘द एंटरटेनर’ केलं, लॉरेन्स ऑलिव्हिएरला घेऊन, आणि ऑस्बर्न टिकला तो त्यामुळे जास्त.

प्रश्न : एडिंबरा फ्रिंजला स्वतःचे पैसे घालून जावं का?

उत्तर : पैसे बुडाले तरी चालतील एवढेच असतील तर जा, कर्ज काढून नको. १९४७ मधे एडिंबराच्या मोठ्या महोत्सवाला आठ कंपन्या आमंत्रण नसताना गेल्या आणि त्याच्या कडेला फ्रिंज सुरू झाला, आजही कोणीही जाऊ शकतं, तीच त्याची ताकद आहे आणि तोच धोका. टॉम स्टॉपार्ड १९६६ मधे तिथूनच वर आला, विद्यार्थ्यांच्या कंपनीने त्याचं नाटक केलं, एका समीक्षकाने ऑब्झर्व्हरमधे चांगलं लिहिलं आणि नॅशनल थिएटरने स्क्रिप्ट मागवलं. फीबी वॉलर-ब्रिजचं ‘फ्लीबॅग’ २०१३ मधे तिथे झालं. या दोन नावांवर दरवर्षी कितीतरी तरुण ऑगस्टमधे राहायच्या जागेचं भाडं भरतात. हजारो प्रयोगांच्या गर्दीत रिकाम्या हॉलपुढे महिनाभर प्रयोग करायला फार हिंमत लागते. त्याआधी आपल्या शहरात स्क्रॅच नाइट शोधा, अर्धवट नाटक पंधरा-वीस मिनिटं लोकांपुढे करून त्यांचं ऐकायचं, ही पद्धत लंडनच्या बॅटर्सी आर्ट्स सेंटरने रुजवली आणि आता सगळीकडे आहे.

प्रश्न : दक्षिण आशियाई घरातल्या लेखकांना तिकडे फक्त लग्न, धर्म आणि आईबापांशी भांडण याच विषयांवर लिहायला लावतात का?

उत्तर : लावतात असं थेट म्हणता येणार नाही, पण अपेक्षा असते, आणि बरेच लेखक त्याबद्दल मोकळेपणी बोलतात. अयुब खान दीनचं ‘ईस्ट इज ईस्ट’ १९९६ मधे तमाशा थिएटर कंपनी, बर्मिंगहॅम रेपर्टरी थिएटर आणि रॉयल कोर्ट यांनी मिळून केलं, ते सॅल्फर्डमधल्या घरावरच होतं आणि अप्रतिम होतं, पण त्याच्या यशानंतर ‘तसलंच आणखी एक’ अशी मागणी वाढली असं मला वाटतं.

गुरप्रीत कौर भट्टीचं तर वेगळंच झालं. तिचं ‘बेहझ्ती’ डिसेंबर २००४ मधे बर्मिंगहॅम रेपर्टरी थिएटरला लागलं, गुरुद्वाऱ्यातल्या अत्याचारावर. बाहेर निदर्शनं झाली, दगडफेक झाली, नाटक बंद करावं लागलं आणि धमक्यांमुळे लेखिकेला लपून राहावं लागलं. फक्त दुसरंच मोठं नाटक होतं तिचं. तिने लिहिणं सोडलं नाही. २०१० मधे त्याच अनुभवावर ‘बेहूद’ लिहिलं, आणि २०१४ मधे ‘खानदान’ घेऊन त्याच बर्मिंगहॅम रेपर्टरी थिएटरला परत गेली. तिच्या या परत जाण्याचा मला मनापासून आदर वाटतो.

विनय पटेल मात्र वेगळ्या वाटेने गेला. २०१८ मधे बुशला ‘अॅन अॅडव्हेंचर’, आजी-आजोबांच्या गुजरात-केनिया-लंडन प्रवासावरून सुचलेलं, आणि २०२२ मधे चेकोव्हच्या ‘चेरी ऑर्चर्ड’ला थेट अंतराळयानात नेलं. दोन्ही त्याचीच नाटकं. थिएटरने लेखकाला दोन्ही करायची मोकळीक दिली तर हा प्रश्नच उरणार नाही.

प्रश्न : सध्या तिकडे थिएटर्सचे पैसे कापलेत म्हणे. नव्या लेखकांचं काय होणार?

उत्तर : कापलेत. नोव्हेंबर २०२२ मधे आर्ट्स कौन्सिल इंग्लंडने, म्हणजे कलांना सरकारी पैसे वाटणाऱ्या संस्थेने, अनुदानाची नवीन यादी जाहीर केली त्यात लंडनच्या हॅम्पस्टेड, डॉनमार आणि गेट थिएटर्सचं नियमित अनुदान पूर्ण गेलं. यातलं हॅम्पस्टेड तर खास नव्या नाटकांसाठीच ओळखलं जायचं. मला काळजी याची वाटते की पैसे कमी झाले की आधी स्क्रिप्ट वाचणारी माणसं कमी होतात, कारण प्रेक्षकाला ती दिसत नाहीत, आणि मग तुमच्या-आमच्या ओळखीतल्या त्या लीड्सच्या मुलीचं नाटक वाचायला कोणी उरत नाही. तरी बुशसारख्या जागा ‘रेड पिच’ शोधतायत, न्यू डायोरामासारख्या छोट्या थिएटरमधे २०२१ मधे लागलेलं रायन कॅलाइस कॅमेरनचं ‘फॉर ब्लॅक बॉइज’ रॉयल कोर्टमार्गे वेस्ट एंडला पोचलंय. आणि २०१८ मधे अभिनेत्री नताशा गॉर्डनचं पहिलंच नाटक ‘नाइन नाइट’ नॅशनलहून वेस्ट एंडला गेलं तेव्हा तिथे नाटक लागलेली ती पहिली कृष्णवर्णीय ब्रिटिश लेखिका ठरली. २०१८ पर्यंत थांबावं लागलं, हे आठवलं की वाटतं दारं आधीच अरुंद होती, ती आणखी अरुंद होऊ देणं परवडणार नाही.

प्रश्न : रॉयल कोर्टला नाटक बघितलं आणि तिथेच छापील पुस्तक घेतलं. घरी वाचलं तर शेवटचा प्रसंग वेगळा! चुकीची प्रत मिळाली का?

उत्तर : प्रत बरोबर आहे. नव्या नाटकाचं पुस्तक पहिल्या प्रयोगाला विकायला ठेवायचं तर ते तालमी चालू असतानाच छपाईला द्यावं लागतं. पुस्तकाच्या सुरुवातीला बारीक अक्षरात बहुतेक लिहिलेलंही असेल की तालमी संपायच्या आत मजकूर छापायला गेलाय, त्यामुळे प्रयोगात थोडा फरक असू शकतो. नव्या नाटकाच्या तालमीत लेखक बसलेला असतो आणि नटांच्या तोंडून ऐकल्यावर वाक्यं, कधी अख्खे प्रसंग बदलतो, प्रीव्ह्यू, म्हणजे अधिकृत शुभारंभाआधीचे प्रयोग, चालू झाल्यावर सुद्धा बदल होतात. पुढे नाटक दुसरीकडे लागलं किंवा पुस्तक परत छापलं तर बऱ्याचदा दुरुस्त मजकूर येतो, अभ्यासासाठी हवं असेल तर ती आवृत्ती शोधा, पण ही पहिली प्रत टाकू नका, दोन्ही शेवट शेजारी ठेवून वाचलेत तर लेखकाने तालमीत काय बदललं ते तुम्हाला ओळीओळीने दिसेल.